आहेरबाई आणि स्टायलोचं रान

आहेरबाई चारा खायच्या. थट्टा करत नाही, खरोखर खायच्या. लसूणघासाच्या वाफ्यात उतरल्या की शेंड्याची चार पानं खुडायची, पदराला पुसायची आणि तोंडात टाकायची. मग डोळे बारीक करून संथपणे चावत राहायचं. आजूबाजूला शेतकरी ताटकळत असोत की मोठे साहेब असोत, बाईंनी कधी घाई केली नाही. चोथा थुंकून झाला की निकाल लागायचा. "तुरट आहे. गाय तोंड लावील, पण पोटभर खाणार नाही." किंवा नुसतंच, "हं. चालेल." मी जनावरांची डॉक्टर. संस्थेत नवी लागले तेव्हा मला वाटलं, बाईंचं डोकं थोडं सरकलेलं असावं. वर्षभरात मीही पानं चावायला लागले. त्यातलं मला आजही काही कळत नाही, पण सवय लागली ती लागली.

आमची संस्था नाशिकची, डोंगरातल्या गावांत गुरांचं काम करणारी. बाई तिथल्या चारापिकांच्या तज्ज्ञ. त्यातही गवतापेक्षा शेंगा धरणारा चारा, म्हणजे लसूणघास, चवळी, स्टायलो, यांवर त्यांचा जीव. त्यांचा धंदा एका वाक्यात सांगायचा तर असा: जमिनीत कोणतं खत घातलं की चाऱ्यात कोणतं खनिज वाढतं, कोणतं घटतं, आणि त्याचं गाईच्या अंगात पुढे काय होतं. ऐकायला रुक्ष वाटतं. बाईंच्या तोंडून ऐकलं की शेजारच्या घरातलं भांडण ऐकल्यासारखं वाटायचं. अमक्याने तमक्याला आत येऊ दिलं नाही, तमका रुसून मातीतच बसला, असं चालायचं.

त्या मूळच्या देवळ्याच्या. माहेरची कांद्याची शेती. भावाचा फोन आला की आमच्याशी चाललेलं पुस्तकी मराठी तिथेच टाकून बाई "काय करी ऱ्हायना रे तू?" अशी सुरुवात करायच्या आणि पुढची दहा मिनिटं त्या बिचाऱ्याची हजेरी घ्यायच्या. नवरा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होता, आता निवृत्त. त्यांना सगळे अण्णा म्हणत. एकलहऱ्याजवळच त्यांचं लहानसं बैठं घर, मागे परसू. स्वयंपाकघराच्या खिडकीत दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून रोपं लावलेली. एकीत सुपर फॉस्फेट, एकीत नाही. एकीत चुना, एकीत नाही. अण्णा मला म्हणाले होते, "डॉक्टर, या घरात कोथिंबीर विकत आणावी लागते आणि खिडकीत बैलांचं खाणं वाढतं." बाई आतून ओरडल्या, "बैलांचं नाही, गाईंचं!"

लग्नाकार्यात तर त्यांना नेणं म्हणजे संकटच. एकदा सहकाऱ्याच्या लग्नात अक्षता पडायच्या वेळी बाई गायब. मांडवामागे यजमानांच्या म्हशी बांधल्या होत्या, त्यांच्या गव्हाणीत काय आहे ते बघायला गेल्या होत्या. पैठणी नेसून, पायांत नेहमीचे पळायचे बूट घालून. परत आल्या त्या थेट वधूपित्याकडे, आणि त्या माणसाला ऐन मुहूर्ताला सांगितलं की तुमच्या म्हशींना मीठ कमी पडतंय.

पण बाई हसण्यावारी न्यायच्या नव्हत्या, हे मला सायखेड्याला कळलं. गोदाकाठी एक बागायतदार होता. द्राक्षबाग मोठी, गोठ्यात चांगल्या संकरित गाई. त्याची एक गाय थरथरत कोसळली. मी गेले, शिरेतून मॅग्नेशियम दिलं, गाय उठून उभी राहिली. माझी कॉलर ताठ. थोड्याच दिवसांत दुसरी कोसळली. या वेळी बाई माझ्याबरोबर आल्या. गाईकडे त्यांनी पाहिलंही नाही, सरळ घासात गेल्या. घास असा माजलेला की मालकाची छाती फुगली होती. बाईंनी पानं चावली आणि विचारलं, "खत काय टाकलं?"

"बागेचं पोटॅश उरलं होतं, तेच टाकलं ताई. वाया कशाला घालवायचं?"

"सगळं?"

"सगळं. बघा ना, कसला घास आलाय!"

बाई म्हणाल्या, "दादा, पोटॅश पोटभर पिऊन बसलाय तुमचा घास. त्याने मॅग्नेशियमला दारातच अडवलं. खत तुम्ही रानाला घालता, पण जेवायला बसते गाय. तिला विचारलंत का?"

त्याने पोटॅश थांबवलं, पुन्हा गाय पडली नाही. बाई ही गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणात सांगायच्या आणि शेवटी बजावायच्या की पानाचा रंग बघून फसू नका. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की मला ती पाठ होती. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला जास्त राग येतो. कुणाचा, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पेठच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत एक पाडा आहे. नाव लिहीत नाही. त्या लोकांना माझ्या लिहिण्याचा काही उपयोग नाही. लाल माती, धो धो पाऊस, उतारावर नागली, खाचरात भात. पाऊस मातीतलं सगळं सत्त्व धुऊन नेतो. दिवाळी झाली की घरंच्या घरं गुंडाळून माणसं सायखेड्याकडे, पिंपळगावाकडे द्राक्षाच्या बागांत मजुरीला जायची ती पार उन्हाळ्यापर्यंत. मागे म्हातारी माणसं आणि गुरं. गुरं म्हणजे डांगी, काळ्या-पांढऱ्या, तेलकट कातडीच्या, पावसात निवांत उभ्या राहणाऱ्या गाई.

आम्ही पहिल्यांदा जीपने पाड्यात शिरलो तेव्हा समोरून एक काळीभोर गाय तोंडात चप्पल धरून येत होती. मागे एक बाई शिव्या घालत धावत होती. ती सोमी गावित. चाळिशीची, काटक, तोंडाने फटकळ. गाईचं नाव काजळी.

"हिला चपलाच लागतात बघा," सोमी म्हणाली. "लय चोरटी हाय. परवा सासऱ्याचा जोडा खाल्ला. दावं खाती, भिंत चाटती, मेलेल्या जनावराची हाडं चघळती. लोक म्हणतात हिला बाहेरचं लागलं."

आहेरबाई जीपमधून उतरल्या, काजळीच्या गळ्याखाली हात घातला आणि तिच्या कानाशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "बाहेरचं नाही गं लागलं. आतलं कमी पडलंय." मग सोमीला म्हणाल्या, "ही चोर नाही. हिच्या हाडात घालायला हिला काही मिळत नाहीये. तुमच्या मातीत फॉस्फरस नाही, म्हणून गवतात नाही, म्हणून हिच्यात नाही. ती तुमच्या चपलेत शोधतेय."

सोमी हसली नाही. गाईकडे वेगळ्याच नजरेने बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी उगीच मारली हिला." त्या दिवसापासून सोमीचं आणि बाईंचं जमलं.

पाड्याच्या वरच्या अंगाला सामाईक चराऊ माळ होता. उजाड, दगडगोटे आणि कुसळी गवत. बाईंनी तिथे स्टायलो लावायचं ठरवलं. बारीक पानांचं, पिवळ्या चिमुकल्या फुलांचं झुडूप. एकदा लागलं की काही वर्षं टिकतं, गुरं आवडीने खातात. माती आंबट म्हणून चुना घातला. फॉस्फरससाठी सुपर फॉस्फेट. आणि बियाला चोळायला चिमूट चिमूट पांढरी भुकटी, मॉलिब्डेनमची. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी असतात, त्या हवेतला नत्र धरून झाडाला देतात. त्या गाठींना काम करायला हे मॉलिब्डेनम किंचितसं लागतं आणि तिथल्या मातीत ते नव्हतं. पुस्तकात हे सगळं लिहिलेलं आहे. बाईंनी संस्थेच्या प्रयोगाच्या शेतावर आधी करूनही पाहिलं होतं.

पाऊस पडला आणि माळ उठला. मी असा चारा नाशिक जिल्ह्याच्या डोंगरात पाहिला नव्हता. बाई रोप उपटायच्या, मुळावरची गाठ नखाने फोडायच्या आणि आतला गुलाबी रंग बायकांना दाखवायच्या. "रक्त आहे बघा, रक्त. जिवंत आहे तुमची माती." त्यांच्या नखांत ती लाल माती कायमची बसली होती.

बाईंनी पाड्यावरच्या बचत गटाच्या बायकांना दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. माळावर गुरं सोडायची नाहीत, कापून आणायचं. आणि गाई रानात पाठवायच्या नाहीत. दिवसभर डोंगर चढून-उतरून चार पानांसाठी गाय जेवढं कमावते त्याहून जास्त चालण्यात घालवते. दावणीला बांधा, स्टायलो घाला, दूध बघा. सगळ्यांनी ऐकलं. एक नवशाबाबा सोडून. म्हाताऱ्याचं आणि गटाचं पाण्याच्या टाकीच्या जागेवरून वाजलं होतं, तेव्हापासून तो गटाच्या कशातच नव्हता. त्याच्या दोन गाई पूर्वीसारख्या रानात जायच्या आणि तो आमच्या जीपकडे पाठ करून बसायचा.

डांगी गाय काही दुधासाठी प्रसिद्ध नाही, तरी दूध वाढलं. संकलनाची गाडी पाड्यापर्यंत यायला लागली. काजळीने चपला सोडल्या, तिला सुरेख कालवड झाली. आणि दिवाळीनंतर पाड्यावरची बहुतेक घरं उघडी राहिली. बागांचे मुकादम येऊन रिकामे परत गेले. बाईंना आयुष्यात पुरस्कार-बिरस्कार मिळाले होते, त्यांचं त्यांना काही नव्हतं. पण त्या हिवाळ्यात त्या मला घेऊन पाड्यात नुसत्याच फिरल्या. या घरातून धूर निघतोय, त्या घरात पोरगं पाढे म्हणतंय, एवढं बघत. "डॉक्टर, हे बघा," एवढंच म्हणायच्या. मी बघत होते. खरंच सुंदर होतं ते.

दुसऱ्या पावसाळ्यात माळावर काही ठिकाणी पानं पिवळी पडली. बाईंना सहन होईना. त्यांनी सुपरमध्ये मिसळून ती भुकटी पुन्हा टाकायला लावली, चुनाही पुन्हा. दहा दिवसांत पिवळेपणा गेला. सगळे खूश झाले.

तिसऱ्या वर्षी गाई पातळ शेण टाकायला लागल्या. मी जंताचं औषध दिलं, उपयोग नाही. गाई माजावर येईनात. सोमीची कालवड लहानसा बांध उडी मारून ओलांडायला गेली आणि तिचा पाय काडीसारखा मोडला. एवढ्याशा उडीला पाय मोडतो का? मी सोमीला म्हटलं, दगडावर पडली असेल. मग एक चांगली धडधाकट गाय पाणवठ्यावरून येता येता एकदम आडवी झाली आणि संपली. मग दुसरी. माणसं पुन्हा हळू आवाजात बाहेरचं लागल्याचं बोलायला लागली.

आणि गाईंचा रंग उतरला. काळ्या गाई आधी तांबूस झाल्या, मग गंजलेल्या पत्र्यासारख्या. काजळीच्या डोळ्यांभोवती पांढरी कडी उमटली, म्हाताऱ्या माणसाच्या चष्म्यासारखी. बाईंनी ती पाहिली. परतीच्या वाटेवर म्हणाल्या, "हे तांबं कमी पडल्याचं लक्षण आहे." स्टायलोचे नमुने आमच्या प्रयोगशाळेत दिले. तांबं पुरेसं निघालं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, म्हणजे चाऱ्याचा दोष नाही. बाईंनी सोडला नाही.

पुढच्या फेरीत आम्ही सोमीच्या घराकडे जात होतो. समोरून नवशाबाबाच्या गाई रानातून परतत होत्या. बाई वाटेतच थांबल्या. त्या दोन गाई कुळकुळीत काळ्या होत्या, ऊन पडलं की अंग चमकत होतं. तोच पाडा, तेच पाणी, तीच हवा. त्या गाईंनी आमच्या माळाचं एक पानही खाल्लेलं नव्हतं. बाई बघत उभ्या राहिल्या. मग रस्त्याच्या कडेला मटकन बसल्या. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"मॉलिब्डेनम," त्या म्हणाल्या. "आपण ते कधी मोजलंच नाही हो डॉक्टर. तांबं मोजलं. चाऱ्यात तांबं आहे, पण हे पोटात गेलं की त्याला धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. मी एकदा घातलं. मग पिवळं दिसलं म्हणून परत घातलं. वर चुना. चुन्याने ते आणखी वर चढतं. आणि रानातला पाला, ज्यात हे कमी होतं, तो मीच बंद केला."

मी काहीतरी समजूत घालायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "मी गाईला विचारलं नाही." आवाज अगदी साधा होता. बाहेरच्या एका प्रयोगशाळेने पुढे तेच सांगितलं, पण त्याची गरज नव्हती.

संचालक वाईट माणूस नव्हता. भित्रा होता. त्याने बाईंना बोलावून सांगितलं, "मॅडम, तांबं पुरेसं आहे हा आपल्याच लॅबचा निष्कर्ष आहे. तेवढं सांगू. खनिज मिश्रण वाटू. बाकीचं आतल्या आत दुरुस्त करू. लोकांना त्या रसायनाचं नाव सांगून काय साधणार? उद्या दुसऱ्या गावांत कोणी आपल्याला उभं करणार नाही."

बाई म्हणाल्या, "तुमचं बरोबर असेल. पण त्या गाई माझ्या नाहीत आणि तुमच्याही नाहीत."

पाड्यावर शाळेच्या ओट्यावर सगळे जमले. बाईंनी कुठलीही प्रस्तावना केली नाही. "तुमच्या गाई मी आजारी पाडल्या," त्या म्हणाल्या. मग खत, भुकटी, तांबं, सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. सोमी म्हणाली, "तुमी सांगितलं म्हणून घातलं, बाई. आमाला काय ठावं?"

"म्हणूनच सांगतेय."

"मग आता काय करायचं, ते सांगा."

आणि तिथे बाई अडकल्या. स्टायलो बंद करा म्हणायचं तर उन्हाळ्याच्या तोंडावर दुसरा चारा नव्हता. भाताचा पेंढा संपत आला होता. माळावरचं जुनं गवत आम्हीच उपटून टाकलं होतं. थोडं स्टायलो, थोडा रानातला पाला आणि मोरचुदाचं पाणी, असा मार्ग त्यांनी सांगितला. मोरचूद म्हणजे तांब्याचंच निळं मीठ. द्राक्षबागांत ते फवारतात, पूर्वेकडच्या तालुक्यांत गोणीच्या गोणी जमिनीत मुरतात. आणि इकडे त्यातल्या चिमटीभरासाठी गाई मरत होत्या. मोजमाप चुकलं तर तेच विष ठरतं, म्हणून बाईंनी ते कुणाच्या हातात दिलं नाही. दर आठवड्याला त्या स्वतः यायच्या, दावणीदावणीला जाऊन गाईंना निळं पाणी पाजायच्या. कडू पाणी. गाई त्यांना ओळखायला लागल्या आणि त्या दिसल्या की मान फिरवायच्या.

पण लोकांचा धीर सुटला होता. एका सकाळी पुरुषांनी कुदळी घेऊन अख्खा माळ खणून काढला. ज्या तुकड्यांत भुकटी दुसऱ्यांदा घातलीच नव्हती तेही. बाई तिथे होत्या. त्यांनी अडवलं नाही. उरलेल्या गाई उपाशी राहायला लागल्या, तसा लोकांनी त्यांना बाजार दाखवला. गंजक्या रंगाच्या, हाडं निघालेल्या गाई कोण कशासाठी घेतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुधाची गाडी यायची बंद झाली.

गटातल्या घरांत काजळी तेवढी राहिली होती. ती उठेनाशी झाली तेव्हा बाईंनी सोमीला विचारलं, "मी नेऊ हिला? बरी करून आणते." सोमी म्हणाली, "न्या. तुमी बरी कराल." विश्वास अजून होता, हेच मला ऐकवलं नाही.

बाईंचा नोकरीचा करार संपला, तो संस्थेने वाढवला नाही. एकलहऱ्याच्या परसात काजळी आली. पहिले काही दिवस तिला दोराच्या झोळीत उभं करावं लागलं. अण्णा कधी कुणाच्या गोठ्यात शिरले नव्हते, ते सकाळ-संध्याकाळ शेण काढायला लागले. मी अधूनमधून जायची. बाई खुर्ची टाकून गाईसमोर बसलेल्या असायच्या. भाषणं, निकाल, सगळं थांबलं होतं. काजळीच्या अंगावरचे केस विस्कटून मुळाशी बघायच्या. एके दिवशी मला फोन आला, "या." गेले. तांबूस केसांच्या मुळाशी काळे केस उगवत होते. नवे, चकचकीत. बाईंनी माझं बोट धरून त्या केसांवरून फिरवलं आणि रडल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

पावसाळ्यात काजळी माजावर आली. मी कृत्रिम रेतन केलं. दिवाळीच्या सुमाराला तपासलं, गाभण होती. डोळ्यांभोवतीची कडी पूर्ण गेली होती. बाई म्हणाल्या, "आता तिच्या घरी." मी म्हटलं, आधी सोमीला निरोप पाठवू. बाईंना ते ऐकायचं नव्हतं. त्यांच्या मनाने धरलं होतं की एक गाय परत गेली की मागे दुसरी येईल, दुधाची गाडी येईल, घरं उघडी राहतील. मला ते पटलं नव्हतं, पण मी टेम्पो ठरवून दिला आणि बरोबर गेले.

पाड्यावर पोचलो तर अंगणात गाठोडी बांधून ठेवलेली. सोमी चुलीची राख बाहेर टाकत होती. बागांकडे जाणारी गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती. टेम्पोचं फळकूट पाडल्याबरोबर काजळी स्वतःच उतरली आणि कुणाची वाट न बघता पडवीत आपल्या जागेवर गेली. तिथे सोमीने सरपण रचलं होतं. गाय सरपणासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याला तोंड लावून हुंगत राहिली.

सोमीने राखेचे हात लुगड्याला पुसले आणि धावली. काजळीच्या गळ्यात हात टाकला, कपाळाला कपाळ लावलं, पाठीवरून, पोटावरून हात फिरवला. "काळी झाली गं माझी बाय. परत काळी झाली." पोटावर हात थांबला. "गाभण हाय?"

"पाच महिन्यांची होईल आता," बाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजाला धार आली होती. "आता काही भीती नाही. रानातला पाला आणि पेंढा. मी दर आठवड्याला येईन."

सोमी गाईला कुरवाळत राहिली. मग म्हणाली, "बाई, आमी उद्या चाललो."

"सासू-सासरे आहेत ना?"

"सासरा गेला पावसात. म्हातारीला घेऊन चाललो. तिला दिसत नाय. गुराखी बी गेला, नवशाबाबा गटातल्या गाईला हात लावायचा नाय. एका गाईसाठी रानात कोण जाईल? सगळ्यांच्या गाई होत्या तवा एकीची बी राखण व्हायची."

"सोमी, ही तुझी गाय आहे."

"माझीच हाय," सोमी म्हणाली. "म्हणून सांगते. हिथं ठेवली तर उपाशी मरंल."

तिने काजळीचं तोंड सरपणापासून हलकेच वळवलं. गाय यायला तयार नव्हती. सोमीने तिला पुढे होऊन ओढलं नाही, गळ्याला गळा लावून, बोलत बोलत, टेम्पोपर्यंत चालवत नेलं आणि फळकुटावर स्वतः चढवलं. मग उतरून दावं आहेरबाईंच्या हातात दिलं. "जपा हिला," म्हणाली, आणि परत चुलीकडे गेली, कारण राख अर्धीच काढून झाली होती.

बाई पुढे माझ्याशेजारी बसायला आल्या नाहीत. त्या मागे गाईजवळ चढल्या. परतीच्या वाटेवर घाटातल्या एका वळणाला मी मागच्या जाळीतून पाहिलं. काजळी पाड्याकडे तोंड करून उभी होती आणि हंबरत होती. आहेरबाई दोन्ही हातांनी तिचं दावं धरून खाली मान घालून उभ्या होत्या, आणि प्रत्येक हंबरड्याला "हो गं, हो" म्हणत होत्या.